एकसष्ट नंबरचा खिळा

सोमवार, ४ तारीख

नातीने ही वही आणून दिली. म्हणाली, "आजी, खाणीतलं जे आठवतं ते लिही. आम्ही काचेच्या पेटीत ठेवू." मी म्हटलं, माझं अक्षर पेटीत ठेवलंस तर लोक तिकीट परत करतील. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले. आकडे बिल्ल्यांवरून शिकले, अक्षरं सिनेमाच्या पाट्यांवरून. तेवढ्यावर संसार झाला.

पण ही वही पेटीत जायची नाही. ही माझ्या गादीखाली राहील. पेटीसाठी दुसरी आण म्हणून सांगितलंय.

खाण बंद पडली त्याला अठरा वर्षं झाली. माणसं गाठोडी बांधून गेली, त्यात माझा मुलगा आणि सूनही गेले. अर्ध्या गावाला कुलपं लागली. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की खड्डा आहे तर पाणी भरा. आता तिथे तळं आहे, तळ्यात होड्या आहेत. राखेच्या ढिगावर झाडं लावली आणि सायकलींसाठी वाट केली. लांबच्या कोरड्या बोगद्यांचं म्युझियम झालं, इंजिनघराचं हॉटेल. जिथे आमच्या माणसांच्या कमरा मोडल्या तिथे लोक पाय पसरून कॉफी पितात आणि म्हणतात, किती शांत आहे. मी नावं ठेवते. पण खोटं कशाला लिहू, तळ्याकाठी दिवे लागले की मीही चक्कर मारते. ह्या सगळ्यामुळेच नात इकडे परत आली. पिवळं हेल्मेट घालून लोकांना खाण दाखवते. हसत कामाला जाणारं माणूस आमच्या घरात हे पहिलंच.

मलाही बसवलंय. अकरा ते एक, दिव्यांच्या खोलीत. तरुणपणी माझी नोकरी तिथेच होती. काम सोपं. माणूस खाली जाताना आपला पितळी बिल्ला खिडकीत द्यायचा. त्या नंबरच्या खिळ्यावर मी तो टांगायची आणि त्याच नंबरचा दिवा त्याला द्यायची. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. खिळ्यावर बिल्ला म्हणजे माणूस खाली. फळा रिकामा म्हणजे सगळे वर, खिडकी बंद करून घरी जायचं. लोकांना हे फार आवडतं. मी बोलते, ते फोटो काढतात.

आज जेवताना नात म्हणाली, "तीन नंबरचा बोगदा उघडणार आहोत. भिंत फोडायची, आतल्या झऱ्यावर रंगीत दिवे सोडायचे. सव्वीस तारखेला उद्घाटन. आणि आजी, तो भाग माझ्याकडे देणार आहेत." सध्या ती लोकांना त्या भिंतीपाशी उभं करते आणि सांगते, कान लावा, झरा ऐकू येतो. लोक रांगेत उभे राहून कान लावतात.

"आत काय असेल गं?" मला विचारते.

"अंधार. आणखी काय असणार?"

आत एक माणूस आहे. सेहेचाळीस वर्षं झाली. मला एकटीला ठाऊक आहे.

बुधवार, ६

काल वही उघडलीच नाही. आज लिहिते आणि मोकळी होते, असं मनात म्हणाले. मोकळं कसलं होतंय.

एकसष्ट नंबरला सगळे नटव्या म्हणायचे. आमच्या पलीकडच्या घरातला. इतर माणसं पाळी संपली की कोळशाच्या तोंडानेच वर धावत. हा मागे राहायचा. तीन नंबरच्या झऱ्यावर तोंड धुवायचा, केस विंचरायचा, मग वर यायचा. रोज अर्धा तास उशीर. त्याचा एक बिल्ला खिळ्यावर लटकत असायचा आणि मी खिडकीत जांभया देत बसायची. एकदा तोच म्हणाला, "वहिनी, तुम्ही कशाला थांबता? बिल्ला बाहेरच्या कट्ट्यावर ठेवून जा. मी दिवा फटीतून आत सारीन आणि बिल्ला उचलीन." नियमात बसत नव्हतं. पण महिनाभर तसंच चाललं आणि काही बिघडलं नाही. सकाळी दिवा आत असायचा, बिल्ला गेलेला असायचा.

त्या दिवशी सहाचा सिनेमा होता. आमच्या ह्यांनी तिकिटं काढली होती. साडेपाचला मी एकसष्टचा बिल्ला काढला, कट्ट्यावर ठेवला आणि खिडकी लावली. मूल आजारी नव्हतं, सासू आजारी नव्हती. मला सिनेमाला जायचं होतं, एवढंच कारण.

सिनेमा चालू असताना भोंगा झाला. माणसं उठायला लागली. हे म्हणाले, चल, बघू काय झालंय. मी म्हटलं, "बसा. फळा रिकामा आहे, मी स्वतः बघून आलेय."

तीन नंबरचं छत खाली आलं होतं. मुकादमानेही फळाच बघितला. रिकामा. आत वायू साठला होता, आग लागली असती तर सगळी खाण गेली असती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच गवंडी उतरवले, तोंड बांधून काढायला.

आणि त्याच सकाळी आठला मी कामावर आले तर कट्ट्यावर बिल्ला तसाच. मी ठेवला होता तसाच, पालथा.

आत दिवा नव्हता.

मी बिल्ला हौदात टाकला. दिव्यांच्या वहीत लिहिलं, दिवा एकसष्ट, काच फुटली, भंगारात. तेवढं लिहिता येत होतं. दुपारी एक गवंडी पाणी प्यायला वर आला. विचारलं, कुठवर आली भिंत? म्हणाला, "कमरेइतकी."

कमरेइतकी भिंत ओलांडता येते. मी त्याला आणखी पाणी हवंय का म्हणून विचारलं.

शनिवार, ९

नटव्या कुठे गेला म्हणून शोधाशोध झाली होती. त्याच्या जोडीदारांनी सांगितलं, तो बंदरावर जाऊन जहाजात नोकरी धरायच्या गोष्टी करायचा. झालं. फळा रिकामा, दिवा भंगारात, माणूस शौकीन. लोकांनी दोन दिवसांत त्याला जहाजावर चढवला, आठ दिवसांत त्याच्याबरोबर एक बाईही चढवली.

त्याच्या बायकोला मी पलीकडची म्हणते. आमच्या दोन घरांत एकच भिंत. तिला ठसका लागला की मी पाणी पिते. पस्तिशीच्या आत टाकलेली बाई म्हणून तिच्यावर शिक्का बसला. लग्नकार्याला तिला मागच्या रांगेत बसवायचे. मी तिला सेहेचाळीस वर्षं भाजी देते. आधी आपल्या ताटात वाढत नाही, आधी तिची वाटी भरते. लोक म्हणतात, जिभेने तिखट आहे पण मन बघा कसं. मी ऐकून घेते.

आता तिचंही बरं चाललंय. वरची खोली पाहुण्यांना देते. पाहुणे तिच्या ओट्याचे फोटो काढतात. हॉटेलवाला आमची सगळी रांग विकत घ्यायला बसलाय. बाकीच्यांनी दिली, आम्ही दोघी उरलो. मी नातीमुळे राहिले. ही का राहिली कोण जाणे. आज तो पुन्हा आला होता, तळ्यासमोर नवीन घर देतो म्हणाला.

"पत्ता बदलायचा नाही मला," ही म्हणाली.

"आजी, पत्र पाठवतं कोण आता?" तो म्हणाला.

"पत्र नसेल येत. माणूस तर येईल."

तो गेल्यावर मी म्हटलं, अगं, भिंतीला ओल आलीय, जिना चढवत नाही, घे की नवीन. तर म्हणते, "माझी जीभ वाईट आहे, त्याचं भोगतेय ते ह्याच घरात भोगू दे." हिची जीभ वाईट? हिने आयुष्यात कुणाला अरे केलं नाही. वयाने बडबडायला लागलीय.

सोमवार, ११

सांगायला गेले. मीठ मागून परत आले. घरात दोन बरण्या भरलेल्या आहेत.

गुरुवार, १४

नातीचं भाषण ऐकलं. आरशासमोर उभी राहून म्हणत होती, "ज्या शहराला लोकांनी पाठ दाखवली, त्या शहरात आज तुम्ही पाहुणे म्हणून आलात." माझ्याकडे वळून म्हणाली, "फार होतंय का?" मी म्हटलं, थोडं कमी कर, पाहुणे रडायला लागतील. हसली. कितीतरी दिवसांनी ती घरात गाणं म्हणतेय.

ही पोरगी अर्धी पलीकडचीनेच वाढवली. मी कामाला जायची, ती हिला मांडीवर घेऊन बसायची. आता ह्या पोरीच्या हाताने ती भिंत उघडायची आहे. मी तोंड उघडलं तर तिचं उद्घाटन गेलं, कदाचित कामही गेलं. नाही उघडलं तर ती रंगीत दिवे घेऊन आत जाईल आणि समोर काय असेल ते तिलाच आधी दिसेल.

वीस तारखेला भिंत फोडणार आहेत.

रविवार, १७

आज एक शहाणपणा करून बघितला. म्युझियमच्या साहेबांकडे गेले. म्हटलं, तीन नंबरचं छत कच्चं आहे, आम्हा जुन्या माणसांना माहीत आहे, उघडू नका, लोकांच्या डोक्यावर येईल.

साहेब चांगला आहे. खुर्ची दिली. "आजी, आमच्या इंजिनिअरनी मशीन लावून तपासलंय. छत पक्कं आहे. पडलंय ते तोंडाजवळचं थोडं. आतला सगळा भाग शाबूत आहे, झऱ्यापर्यंत."

"सगळा?"

"सगळा. काळजी करू नका."

मी घरी कशी आले मला माहीत नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होते की दगड पडले आणि तो जागच्या जागी गेला. भिंत कमरेइतकी असो की डोक्याइतकी, काय फरक पडणार होता. मी ह्याच्यावर झोपत होते. आज साहेबाने ते काढून घेतलं, तेही खुर्ची देऊन.

सोमवार, १८

सांगितलं.

वरच्या खोलीतले पाहुणे सकाळी गेले होते, पलीकडची त्यांच्या चादरी घड्या करत होती. मी दुसरं टोक धरलं. चादर घडी करताना दोघींनी जवळ यायचं, मग लांब जायचं, असं चाललं होतं. एकदा जवळ आलो तेव्हा म्हटलं, "तो पळून गेला नव्हता."

"कोण?"

मी चादर ताणली. तिने टोक घट्ट धरलं. "बोल," म्हणाली.

उभ्या उभ्या सांगितलं. बिल्ला, कट्टा, सिनेमा, रिकामा फळा. तीन नंबरमध्ये आहे म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, चादरीवर एक डाग होता त्याच्याकडे बघत होती.

मग म्हणाली, "त्या दिवशी सकाळी भांडण झालं होतं आमचं. आरशासमोर उभा होता कितीतरी वेळ. मी म्हटलं, एवढं नटून जातोयस तर आज घरी नाही आलास तरी चालेल." तिने नखाने डाग खरवडला. "मला वाटत होतं त्याने ऐकलं माझं. माझं एक कधी ऐकायचा नाही. म्हटलं, ऐकलं तेही हे."

मला खाली बसावंसं वाटलं पण चादर हातात होती.

"मी दार आतून कधी लावलं नाही," ती म्हणाली. "पहिली दहा वर्षं तर कडीसुद्धा नाही. म्हटलं, आला तर त्याला वाटायला नको की मी खरंच बोलले होते."

मला हे माहीत नव्हतं. भिंतीपलीकडे राहून माहीत नव्हतं. मला वाटायचं, हिला चोरांची भीती वाटत नाही.

मग तिने विचारलं, "तुला कधी कळलं, तो आत राहिला ते?"

मी म्हटलं, "नंतर."

"नंतर म्हणजे?"

"भिंत झाल्यावर."

एवढं सगळं सांगितलं आणि ते सांगितलं नाही. तोंडातून खोटं इतकं सरळ बाहेर आलं की मलाच पटलं असतं.

तिने चादरीचं माझ्या हातातलं टोक ओढून घेतलं आणि एकटीने घडी केली. वेडीवाकडी झाली. "जा आता," म्हणाली.

संध्याकाळी भाजीची वाटी तिच्या ओट्यावर ठेवली. थोड्या वेळाने बघितलं तर माझ्या ओट्यावर होती, भरलेली.

मंगळवार, १९

नातीला सकाळी सांगितलं. ती हेल्मेटचा पट्टा नीट करत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी रोज लोकांना तिथे कान लावायला सांगते, आजी." बाहेर नळाखाली जाऊन कान धुतला. एकच कान, पुन्हा पुन्हा.

मग आम्ही दोघी साहेबांकडे गेलो. साहेब खुर्ची द्यायला विसरला. पोलीस आले. एक तरुण बाई होती, तिने मला विचारून विचारून लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि सही करायला लावली. बिल्ला कधी सापडला ते तिला खरं सांगितलं. परक्या माणसाला सांगता येतं. म्हणाली, एवढ्या जुन्या गोष्टीचं काय करायचं ते वरचे ठरवतील. उद्घाटन पुढे ढकललं.

शुक्रवार, २२

भिंत आज सकाळी उघडली. आम्हा कुणाला जाऊ दिलं नाही. नात गेली, तिला वाट माहीत आहे म्हणून.

दुपारी परत आली. सरळ पलीकडे गेली, मीही मागोमाग गेले. मला कुणी हाकललं नाही, बस म्हणालंही नाही. मी दारात उभी राहिले.

"सापडले," नात म्हणाली. "दगडाखाली होते. लगेच गेले, आजी. काही कळलंसुद्धा नसेल." आजी ती पलीकडचीला म्हणत होती.

पलीकडचीने विचारलं, "मला बघता येईल?"

"आत्ता नाही."

"मग कधी?"

"ते सगळं बाहेर आणतील. तेव्हा. आत जायचं नाही, आजी. तू आत जायचं नाही."

खोटं बोलली की ह्या पोरीचे कान लाल होतात. तीन वर्षांची असल्यापासून. पलीकडचीला ते माझ्याइतकंच ठाऊक आहे, साखर कुणी खाल्ली ते ती कान बघूनच ओळखायची. भर उन्हातून चालत आली होती, घाम गालांवरून खाली येत होता, पण हेल्मेट काढलं नव्हतं. पट्टा हनुवटीखाली घट्ट.

"काढ गं ते," पलीकडची म्हणाली. "डोकं तापेल."

"राहू दे."

पलीकडचीने तिच्यासाठी पाणी आणलं. पुन्हा काढ म्हणाली नाही. नात पाणी प्यायली आणि भांडं हातात धरून बसून राहिली. मला विचारायचं होतं, भिंतीपासून किती पावलांवर होता. विचारलं नाही. कामाने दमली असेल, म्हणून काढलं नसेल हेल्मेट.

बुधवार, २७

त्याला निरोप दिला. मी मागच्या रांगेत उभी राहिले. पलीकडची पुढे होती, नातीचा हात धरून. ज्यांनी त्याला जहाजावर चढवलं होतं त्यांच्यातले उरलेले सगळे आले होते. एकाने तिला हात जोडले. तिने बघितलं नाही.

नातीचं काम गेलं नाही. उलट लोक दुप्पट यायला लागलेत. पेपरात छापून आलं ना. हॉटेलात खोली मिळत नाही म्हणे. साहेब म्हणाला, तीन नंबर उघडायचा नाही, दिवे लावायचे नाहीत, नातीने तसं लिहूनच मागितलं. पण दिव्यांच्या खोलीत तुम्ही बसा, लोक विचारतात. मी म्हटलं, मी आता कुठल्या तोंडाने बसू? तो म्हणाला, "जे झालं ते सांगा."

नात माझ्याशी बोलते. जेवलीस का, औषध घेतलंस का. गाणं म्हणत नाही.

शनिवार, ३०

आज जाऊन बसले. अकराला पहिली टोळी आली, वीसेक माणसं. त्यांच्या मागून पलीकडची आत आली.

ती ह्या खोलीत कधी आली नव्हती. तेव्हा कामगारांच्या घरच्यांना आत सोडत नसत आणि नंतर तिला यायचं नव्हतं. फळ्यापाशी गेली. सगळे बिल्ले आता नवीन आहेत, कारखान्यातून पाडून आणलेले. "त्याचा कुठला?" म्हणाली. मी दाखवला. तिने तो खिळ्यावरून काढला, पर्समध्ये टाकला आणि बाकावर जाऊन बसली. कुणी तिला हटकलं नाही.

मी सांगायला लागले. बिल्ला देणं, दिवा घेणं, फळा रिकामा म्हणजे काय. मग त्याचं सांगितलं. तोंड धुण्याचं सांगितलं तेव्हा दोघीतिघी हसल्या. सिनेमाचं सांगितलं. एक बाई म्हणाली, "तुम्ही तरुण होतात हो, आजी." मी म्हटलं, तोही होता.

मग मागच्या एका माणसाने विचारलं, "पण तुम्हाला कळलं कधी?"

साधा प्रश्न. त्याला काही माहीत नव्हतं. पलीकडची बाकावर ताठ बसली होती, दोन्ही हात पर्सवर. ती माझ्याकडे बघत होती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

मी म्हटलं, "दुसऱ्या दिवशी सकाळी. आठ वाजता."

"आणि भिंत?"

"दुपारी कमरेइतकी होती. मी गवंड्याला विचारलं होतं. मला ठाऊक होतं आणि मी बोलले नाही. नोकरी जाईल, तुरुंगात टाकतील, म्हणून. मग ती पुरी झाली."

कुणी फोटो काढला नाही. नात दारात उभी होती, तिने पुढच्या टोळीला बाहेरच थांबवलं. माणसं एकेक करून निघाली, कुणी माझ्याजवळ आलं नाही आणि तेच बरं झालं.

खोलीत आम्ही दोघी उरलो. मला वाटलं, आता बोलेल, काहीही बोलेल, थुंकेलसुद्धा. मी उठून उभी राहिले. ती बसूनच होती. मग पर्स काखेत मारली, बाकाचा आधार घेत उठली आणि दारापर्यंत गेली.

"उद्या किती वाजता बसतेस?"

"अकराला," मी म्हटलं.

"सकाळचं पण सांगायचं. आठचं. प्रत्येक टोळीला."

"सांगेन."

"मी ऐकायला येते," ती म्हणाली.